दर दोन तासांनी कूस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. डॉक्टरी विद्येवर बोलण्याचा माझा अधिकार नव्हे. पण आमचे धाकटे भाऊजी गच्चीवरून पडले आणि पाठीच्या कण्याला मार बसून कमरेखालचे अंग लुळे पडले, त्याला सहा वर्षे झाली. इस्पितळातल्या नर्सबाईंनी मला हाताला धरून जे शिकवले, तेवढेच सांगते.

डोक्याला किंवा मणक्याला मार लागलेल्या माणसाला दोघांनी हातपाय धरून उचलू नये, रिक्षात तर कोंबूच नये. मान वाकडी होऊ न देता तसेच पडू द्यावे आणि १०८ ला फोन करावा. तोंडात पाणी घालू नये. शुद्ध नसेल तर ते श्वासनळीत जाते.

पुढे टाके निघतात, माणूस घरी येतो आणि आपल्याला वाटते, सुटलो! खरे काम तर तिथून सुरू होते. तुम्हीआम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो. ज्याच्या अंगाला जाणीव नाही, त्याला दुखतेय हेच कळत नाही. हाडावरची कातडी दबून तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. माकडहाड, खुबे, टाचा या जागा विशेष जपाव्यात. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. दर खेपेस अंग निरखायचे. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर त्या जागेवर भार देऊ नये आणि तेल लावून चोळूही नये. हे आमच्या सासूबाईंना पटायला महिना लागला! सोलापुरी चादरीचा आपल्याला अभिमान आहे, पण ती जाडीभरडी. पाठीखाली जुने मऊ लुगडेच घालावे, तेही सुरकुती न ठेवता. गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवू नये. भाजले तरी त्याला समजत नाही.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगावी. मानेशी किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा असेल आणि एकाएकी डोके ठणकून घाम फुटला, तर माणसाला आधी बसते करावे, नळी कुठे मुडपली आहे का ते पाहावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. त्यात जिवाला धोका असतो. डोक्याला मार लागून बेशुद्ध असलेल्याच्या उशाशी “आता याचे काही खरे नाही” असे बोलू नये. त्याला ऐकू येत असेल. नाव घेऊन हाक मारावी, मगच अंगाला हात लावावा.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली तिथेच हल्ला झाला. गळा आवळल्यामुळे मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा सावरल्या नाहीत. २०१५ साली त्यांचे निधन झाले. सुमारे बेचाळीस वर्षे तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणाचा निकाल दिला. इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांच्या अंगाला जखमा झाल्या नाहीत, हे त्या न्यायालयापुढे आले होते. एवढी शुश्रूषा कुणा एकीच्या हातून झाली असती का? जुन्या परिचारिका निवृत्त होत, नव्या येत, आणि पाळी चालू राही.

आपल्या घरी मात्र पाळी नसते. चोवीस तास एकच बाई असते, कुणाची आई, कुणाची बायको, आणि तिची पाठ कुणी पाहत नाही. शेजारणी केळी घेऊन येतात, डोळे पुसतात आणि जातात. केळ्यांना नाव ठेवत नाही, पण त्या बाईला चार तास झोप मिळाली, तर ती रात्रीची कूस चुकवणार नाही. शिवाय मणका नीट जुळेपर्यंत रुग्णाला ओंडक्यासारखे, डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून वळवावे लागते. त्याला तीनचार जणी लागतात. नर्सबाईंकडून ते एकदा शिकून घ्यावे.

आपल्या पेठेत अशी दोन घरे मला ठाऊक आहेत. सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे. दुपारी बारा ते चार, आठवड्यातला कुठला वार जमेल, तो नावापुढे लिहावा. गुरुवार माझा.