हायड्रोजनची बस जुनी होते तेव्हा

2022 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात आपल्याच देशात बनलेली हायड्रोजन फ्युएल सेलची बस लोकांसमोर आली. केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी ती तयार केली. धूर नाही, मागून नुसती वाफ आणि पाणी. उद्या अशी बस आपल्या गावच्या मार्गावर आली, तर नवी असताना छानच चालेल. पण सात वर्षांनी?

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतो, त्यातून वीज होते, विजेवर मोटर फिरते. एका सेलमधून चालताना 0.6 ते 0.7 व्होल्ट मिळतात. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या निम्मेही नाहीत. म्हणून शेकडो सेलची चळत रचतात. जोडीतला एक बैल थकला की दुसऱ्यालाही हळू चालावं लागतं, तसंच इथं.

सेलच्या मधे पातळ पडदा असतो, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचे बारीक कण. बारीक केलेला गूळ पाण्यात लगेच विरघळतो, खड्याला वेळ लागतो. प्लॅटिनमचंही तसंच. वापरून वापरून कण एकमेकांना चिकटतात, मोठे होतात, आणि काम करणारी जागा घटते. पडदा सारखा ओला-कोरडा होतो, सारवलेल्या जमिनीसारखा तडकतो, बारीक भोकं पडतात. सारखं बंद-चालू केलं, एकदम जोर दिला की झीज वाढते. हायड्रोजनमध्ये गंधक किंवा कार्बन मोनॉक्साइड असेल तर प्लॅटिनमला ते विषच.

मग तेवढ्याच अंतराला हायड्रोजन जास्त लागतो, गाडी जास्त तापते, आणि घाटात दम लागतो.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं बससाठी 25,000 तासांचं लक्ष्य ठेवलंय. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड भागातल्या काही बसच्या सेलनी ते ओलांडलंही. आपली बस रोज बारा तास, वर्षाला तीनशे दिवस धावली तर 3,600 तास होतात. म्हणजे साधारण सात वर्षं. पण बसचा सांगाडा त्याहून जास्त टिकतो!

म्हणून कुणी अशा बसचं कौतुक सांगायला आलं, तर किलोला किती किलोमीटर हे पाचव्या वर्षाचं विचारा, नव्या गाडीचं नको. चळत बदलायचा खर्च कुणाचा, तेही विचारा. जुन्या चळतीतलं प्लॅटिनम परत काढता येतं. ते पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे करारातच लिहून घ्यायला सांगा.