लक्ष्मीचं नाव सातबाऱ्यावर
(घुग्घुस येथे जिल्हा बैठकीत केलेलं भाषण)



घुग्घुसची बैठक म्हटल्यावर आज कापसाच्या भावावर बोलणं होणार, असं तुमच्यापैकी बहुतेकांनी धरलं असेल. भावावर आम्ही बोलत आलो आणि पुढेही बोलणारच. पण तो कापूस ज्या हातांनी वेचला त्या हातांचा हिशेब आपल्या बैठकीत कधी निघत नाही. तो आज काढू.

पऱ्हाटीचं बी टोबते कोण? बाई. निंदण कोणाचं? बाईचं. वेचणीला ओटी बांधून सकाळपासून वाकते कोण? बाईच. ज्वारी सोंगायला, कणसं खुडायला तीच. घरी येऊन चूल तिची आणि ढोरांचं शेणपाणीही तिचंच. दुसऱ्याच्या वावरात गेली तर तिला मजुरी मिळते. स्वतःच्या वावरात तीही नाही. आता सातबारा काढा आणि बघा, शेतकरी कोण? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर खातेदारांत बाया जेमतेम चौदा निघाल्या.

सरकार बायांसाठी काही करत नाही, असं आम्ही म्हणणार नाही. १९९० साली महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत बायांना तीस टक्के जागा राखल्या, २०११ साली त्या निम्म्या झाल्या. १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी लेक लाडकी योजना आली. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या घरातली पोर अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं तिला एक लाख एक हजार रुपये मिळायचे आहेत. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण आली, महिन्याला दीड हजार. हा पैसा बाईच्या स्वतःच्या खात्यात पडला, तिला बँकेची पायरी कळली, हे लहान काम नाही.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. सरकार जे देतं ते सरकार काढूनही घेऊ शकतं. आपल्या जिल्ह्याला हे दुसऱ्या कोणी शिकवायला नको. २०१० च्या डिसेंबरात दारूबंदी मागत आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बाया चिमूरहून पायी नागपूरच्या विधानसभेवर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. २०२१ साली ती उठली. बंदी बरी की वाईट, हा आजचा विषय नाही. विषय एवढाच, की बाया चालल्या म्हणून निर्णय झाला आणि सरकार बदललं तसा निर्णयही बदलला. अर्जावर मिळतं ते अटींवर टिकतं. सातबाऱ्यावरचं नाव तसं नाही. ते सरकार बदललं म्हणून पुसलं जात नाही.

त्या नावाचं वजन घुग्घुसच्या माणसाला सांगायचं का? आपल्या पायाखाली कोळसा आहे. खाणीत वावर जातं तेव्हा पैसा कोणाला आणि नोकरीवर हक्क कोणाचा, हे सातबाऱ्यावरच्या नावावरून ठरतं. पीककर्ज त्याच नावावर, पीकविमा त्याच नावावर, पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार त्याच नावावर. सीसीआयच्या केंद्रावर कापूस न्यायचा तरी आधी सातबारा दाखवा. नाव नाही तर बाई मजूर, मग ती घरची मालकीण का म्हणवेना.

आणि घरधनी गेला तर? इथून वर्धा नदी ओलांडली की वणी, यवतमाळ जिल्हा. नदीच्या दोन्ही काठांवर आम्ही अशा घरांत बसून आलो आहोत. मयताची तेरवी होत नाही तोच बाईला कळतं, की सोसायटीचं इतकं, सावकाराचं इतकं आणि कृषी केंद्राची उधारी वेगळी. वावर अजून सासऱ्याच्या नावावर. दीर म्हणतो, फेरफाराचं मग बघू. तो ‘मग’ वर्षानुवर्षं येत नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं असती तर कर्जाच्या कागदावरही दोघांच्या सह्या लागल्या असत्या. बाईला कर्ज नवरा जिवंत असताना कळलं असतं. कदाचित दोघांनी मिळून त्यातून वाटही काढली असती.

आता यावर उपाय काय? उपाय जुना आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर काही वर्षांतच शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. ज्या गावातली शंभर घरं बायकोच्या नावावर जमीन करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरनं ते करून दाखवलं. बाईवर उपकार करा, असं त्यात नव्हतं. तिच्या कष्टाचं देणं फेडा, असं होतं. मग १५ सप्टेंबर १९९२ ला सरकारनंच परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं आपण होऊन अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायचं. म्हणजे दार उघडून तीस वर्षांवर झाली. आपणच उंबऱ्याबाहेर उभे आहोत.

आमच्या शेजारचा गडचिरोली जिल्हा बघा. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात लिहूनच ठेवलं आहे, की लग्न झालेल्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. ज्यांना आपण जंगलातली माणसं म्हणतो त्यांच्या कागदावर बाई आहे. आणि काळ्या कसदार जमिनीच्या आपल्या कागदावर ती नाही.

लोक आम्हाला विचारतात, नाव लावलं आणि बाई वावर घेऊन माहेरी गेली तर? भावांनो, जिनं वीस वर्षं ते वावर निंदलं, ती ते डोक्यावर उचलून कुठं नेणार? वावर आजपर्यंत गेलं ते कोणामुळं? बाईमुळं, की न सांगता केलेल्या आंगठ्यामुळं? दोन नावं असली तर तिला न विचारता सगळं वावर विकणं सोपं राहत नाही. ही भीती नाही, हे कुंपण आहे.

पोरींचंही बोललं पाहिजे. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाएवढा झाला. २००५ साली तो साऱ्या देशात झाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क लेकीला जन्मापासूनच आहे. आणि आपण काय करतो? बाप गेला की बहिणीला गाडीभाडं देऊन तहसीलला बोलावतो, हक्कसोडपत्रावर सही घेतो आणि साडीचोळी करून लावून देतो. तिनं समजून उमजून सोडलं तर तिची मर्जी. पण कागद तिला वाचून दाखवला का? आमच्यातल्याही काहींनी तो दाखवलेला नाही. ते इथं कबूल करतो.

आता हात वर करा. किती घरी बायकोचं नाव सातबाऱ्यावर आहे? दिसलं. मोजायला वेळ लागला नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या आम्हा कार्यकर्त्यांचेही सगळे हात वर नव्हते.

म्हणून आजचा ठराव सोपा आहे. सरकारकडं आज काही मागायचं नाही. जमीन ज्याच्या स्वतःच्या नावावर आहे त्यानं तलाठ्याकडं लक्ष्मीमुक्तीचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. भावांची सामाईक असेल तर आधी आपला हिस्सा समजून घ्यायचा. बापाच्या नावावरून फेरफार राहिला असेल तर तो आधी करायचा. पुढल्या बैठकीला येताना नवा उतारा आणायचा आणि तो बाईनं स्वतःच्या हातानं आणायचा.

पहिला अर्ज कार्यकर्त्यांचा. त्याशिवाय तुम्हाला सांगायचा आम्हाला हक्क नाही.