डेम्लो संख्येचा धडा
(पुण्यातील व्याख्यानाचा संपादित अंश)



१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या पाहावी. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थाननामांनी तिचे वाचन ‘एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू’ असे सुरू होते. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती सारखीच. नऊ वेळा एक लिहून, म्हणजे १११११११११ या संख्येचा वर्ग केला की ती मिळते.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. आजच्या डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून ते घेतलेले आहे. कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तरकी केली. पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठाचे पाठबळ नव्हते. अनेकांनी त्यांचे काम ‘आकड्यांचा खेळ’ म्हणून बाजूस सारले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. तोवर ते सत्तरीला पोहोचले होते.

या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे सुंदर संस्कृत नाव दिले. कारण सरळ आहे. १११११११११ = ९ × १२३४५६७९; म्हणून तिच्या वर्गात ८१ हा अवयव असणारच.

मग या मालिकेतील प्रत्येक संख्या हर्षद आहे काय? नाही. १२१ च्या अंकांची बेरीज ४; विषम संख्येला चाराने भाग कसा जाणार? एक ते नऊ एककांच्या वर्गांत केवळ एक, तीन आणि नऊ एककांचेच वर्ग या कसोटीस उतरतात.

दहा एककांचा वर्ग केला तर क्रमच मोडतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. गुणाकार मांडला की मधल्या स्तंभात दहा एकक जमतात व हातचा पुढे जातो. नऊपर्यंत हातचा नसतो, म्हणूनच ती सुबक चढउतर दिसते.

आपल्या गणितपरंपरेचा अभिमान अवश्य असावा. परंतु नऊ उदाहरणे पाहून दहावे गृहीत धरणारा अभिमान पहिल्याच परीक्षेत उघडा पडतो आणि खऱ्या कामावरही संशय ओढवून घेतो. परंपरेची प्रतिष्ठा सिद्धतेवर उभी राहते. देवळालीच्या त्या मास्तरांची साधने कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढीच होती. ती प्रत्येक घरात आहेत. आज रात्री मुलांसमोर हा गुणाकार मांडावा. मात्र हातचा कुठे येतो, हे त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे.