चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेचे व्रण



श्री सयाजी रुग्णालय आणि १९४९ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे बडोदेकरांना शस्त्रवैद्यक परके नाही. सैल पडलेली त्वचा ताणून चेहरा तरुण दिसावा म्हणून केली जाणारी शस्त्रक्रियाही आता या शहरात होते. तिचा छेद कानापुढील नैसर्गिक घडीतून, पाळीखालून, कानामागे केसांत नेतात. व्रण लपावा हा हेतू. तरीही काहींचा तो दिसतो. त्वचा फाजील ताणून शिवल्यास व्रण रुंदावतो, कानाची पाळीही खाली ओढली जाते. धूम्रपान करणाऱ्याच्या कानामागील त्वचेस रक्त अपुरे पडून ती मरू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी विडी सोडा, असे डॉक्टर बजावतात ते उगाच नव्हे.

व्रण समूळ पुसता येत नाही. फिका, सपाट व अरुंद करता येतो. आरंभी तो लालसर व टणक असतो, निवळण्यास सुमारे वर्ष लागते. नेमक्या याच काळात रुग्णाचा धीर सुटतो. कोणाच्या तरी सांगण्यावरून तो स्टिरॉइडचे मलम चोळत राहतो आणि आसपासची निरोगी त्वचा पातळ पडते. त्याच वर्गातील औषध तज्ज्ञाने मोजून व्रणात टोचल्यास मात्र उंचवटा बसू शकतो. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी, हलके मर्दन आणि उन्हापासून जपणूक, एवढे घरी करता येते. शेतावरील अपघातात चेहऱ्यावर पडलेल्या टाक्यांनाही हेच लागू आहे.

केलॉइड नुसता कापल्यास बहुधा पुन्हा वाढतो, कित्येकदा पूर्वीहून मोठा. रुंद व्रण नव्याने शिवावयाचा तो साधारणपणे वर्षानंतर, आणि तोवर त्वचा पुरेशी सैलावली असेल तरच.