पडद्यावरील ससे आणि गुंजवण्याची कारवी

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे हे गाव आहे. आषाढ-श्रावणात तेथे पाऊस असा लागतो की, गड कित्येक दिवस दृष्टीसही पडत नाही. अशा दिवसांत शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा धडा निघाला, तर शिक्षकाची मोठी पंचाईत होते. रोप दोन-तीन दिवस अंधारात ठेवावयाचे, एका पानाचा भाग काळ्या कागदाने झाकून ते काही तास उन्हात ठेवावयाचे, मग पान मद्यार्कात उकळून हिरवा रंग काढावयाचा आणि त्यावर आयोडीन टाकावयाचे; झाकलेला भाग तेवढा निळा-काळा होत नाही. सारा प्रयोग उन्हावर, आणि ऊनच नाही! शिवाय मद्यार्क पेट घेणारा; भरल्या वर्गात ती धास्ती वेगळीच.

या अडचणीवर संगणकातील आभासी प्रयोगाचा उपाय आहे. अमृता विश्व विद्यापीठम् व मुंबईचे सी-डॅक यांनी सिद्ध केलेल्या ‘ओलॅब्स’मध्ये हा प्रयोग विनामूल्य करता येतो. परंतु ही झाली पावसाळ्यापुरती सोय. ऊन पडताच खरे पान खऱ्या उन्हात न्यावे. पडद्यावरील आयोडीन कधी चुकत नाही. खरे चुकते, आणि ते का चुकले याचा शोध घेताना मूल शिकते.

या साधनाचा खरा गुण काळ आडवा येतो तेथे दिसून येतो. सह्याद्रीतल्या मुलास कारवी परिचयाची असते; घराच्या कुडास तिच्याच काठ्या लावीत आले आहेत. ती सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळते. पहिलीत बहर पाहिलेल्या मुलास दुसरा बहर आठवीत दिसावयाचा. तिच्या दहा पिढ्या पाहण्यात मनुष्याचे आयुष्य सरेल! मग पिढ्यान्‌पिढ्या जीव कसे पालटतात, हे वर्गात दाखवावे कसे?

नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थवैज्ञानिक कार्ल वायमन यांनी 2002 साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा उपक्रम सुरू केला. त्यात नैसर्गिक निवडीचा एक खेळ आहे. पडद्यावर पांढरे ससे बागडतात आणि मिनिटांत त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या होतात. तपकिरी भूमीवर लांडगे सोडण्यापूर्वी, ‘आता काय होईल?’ हे शिक्षकाने मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे. पुष्कळ मुले लिहितात की, ससे भिऊन रंग बदलतील. लांडगे येतात, एकही ससा रंग बदलीत नाही, कळप मात्र ओसरतो. दुसऱ्या खेपेस तपकिरी रंगाचे उत्परिवर्तन आधी घालून लांडगे सोडावेत. या वेळी तपकिरी पिले वाचतात, वाढतात, आणि काही पिढ्यांत कळपाचा रंगच पालटतो. वहीतील स्वतःचे वाक्य मुलाने स्वतःच्या हाताने खोडावे, यासाठी हा सारा खटाटोप. वही न लिहविता नुसती कळ दाबली, तर तो सिनेमा होतो. आणि सिनेमा मुलांना नेहमीच आवडतो!

पाऊस ओसरला की, मुलांस गडाच्या वाटेने कारवीत न्यावे. काडीसारखा दिसणारा किडा तेथे सापडला, तर तो तसा का, हे विचारावे. ‘लपता यावे म्हणून तो तसा झाला’ असे उत्तर आले, तर दुसऱ्या दिवशी ससे पुन्हा पडद्यावर आणावेत.