जोडीचे औषध कोणाला?

दीर्घकाळ मुरलेल्या विषादाच्या रोग्याला पहिल्या औषधाने उतार पडला नाही, म्हणजे डॉक्टर बहुधा औषध बदलतात, नाहीतर त्यालाच दुसऱ्याची जोड देतात. १९८१ मध्ये माँट्रियल येथे द मोंतिन्यी यांनी अशा ८ रोग्यांच्या चालू औषधात लिथियमची भर घातली आणि ते दोन दिवसांत सुधारले! मात्र आठांवरून सर्वांचे अनुमान निघत नाही. पुढे अमेरिकेत चार हजारांहून अधिक रोग्यांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दोन उपचार फसलेल्यांपैकी लिथियमच्या जोडीने सुमारे १६ टक्के, तर थायरॉईड संप्रेरकाच्या जोडीने सुमारे २५ टक्के रोगी विषादमुक्त झाले. हा फरक योगायोगाचाही असू शकेल.

शंभरांत पंचवीस, हे कळले. परंतु दिल्लीतल्या द्वारकेत दवाखान्यात समोर बसलेली गृहिणी त्या पंचविसांतली की पंच्याहत्तरांतली, हे सांगणारी रक्तपरीक्षा अजून निघालेली नाही. खुणा आहेत, पण पुसट. कुळात उन्माद-विषादाचा विकार असल्यास लिथियमचा विचार अगोदर होतो; विषादाला तीव्र चिंतेची साथ असल्यास यशाची शक्यता उणावते. त्याहूनही आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: पहिल्या गोळ्या पुऱ्या मात्रेने, पुरेसे आठवडे घेतल्या होत्या काय? अनेकदा औषध हरलेले नसते. ते पोटात गेलेलेच नसते.

लिथियम दिल्यास रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंडे व थायरॉईड यांची तपासणी चुकवून चालत नाही. आणि जोडीचा हिशेब कोणत्या आठवड्यात घ्यायचा, ते डॉक्टर व घरच्यांनी आरंभीच ठरवावे. नाहीतर निरुपयोगी गोळीही वर्षानुवर्षे चालू राहते.