फडावरची मुले

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची, म्हणून नवराबायको दोघेही पहाटेच फडात जातात. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मागे कोपीवर तान्हे भावंड सांभाळावयास पुष्कळदा शाळेच्या वयाची मुलगीच राहते. गाळप संपून ती गावी परतते, तो शाळेचे वर्ष सरत आलेले असते.

१९२४ साली भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, ते सर्व जातींच्या गरीब मुलांस शाळेजवळ राहता यावे म्हणून. आजची हंगामी वसतिगृहे त्याच वाटेने जातात: आईबाप फडावर, मूल आपल्याच गावच्या शाळेत. जे मूल आईबापांबरोबर येते, त्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा आधार आहे. दाखला येण्यास विलंब झाला, एवढ्यावरून सरकारी वा अनुदानित शाळेस त्याचा प्रवेश अडविता येत नाही. परंतु हे कोपीतल्या आईस सांगणार कोण? फडापर्यंत चालत जाणारा शिक्षकच.

आणि ज्यांच्या चहात ही साखर विरघळते, त्यांनी निदान एवढे विचारावे: या फडावरची मुले कोणत्या शाळेत जातात?